साथीच्या काळातील कर्करोगी

साथीचा रोग आणि कर्करोग यांचे स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न आहेत. साथ गाजावाजा करीत येते. काल किती आजारी पडले आणि किती दगावले, याचा आकडा सकाळच्या वर्तमानपत्रात छापून येतो. कर्करोग मुकाट्याने वाढतो. त्याची रोजची मोजदाद कोणी ठेवीत नाही. म्हणून साथ आली की राज्यकर्त्यांचे, वैद्यांचे आणि घरच्या माणसांचेही लक्ष तिच्याकडे वेधले जाते, व आधीपासून आजारी असलेला मनुष्य मागे पडतो. साथीच्या दिवसांत या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न २०२० साली कोविडच्या निमित्ताने साऱ्या जगापुढे उभा राहिला. साथ ओसरली, तरी प्रश्न ओसरलेला नाही. म्हणून त्याचा थोडा विचार आज करू.

मराठी घराण्यांतून १८९६ नंतरच्या प्लेगच्या ज्या गोष्टी चालत आल्या आहेत, त्यांत एक शहाणपण वारंवार आढळते. उंदीर पडू लागले की गाव सोडावे आणि माळावर झोपड्या बांधून राहावे. साथीपासून दूर जाणे हाच बचाव. कर्करोग्याला मात्र ही वाट मोकळी नसते. ज्या वेळी सारे लोक शहर सोडू पाहतात, त्याच वेळी त्याला शहराकडे आणि तेही रुग्णालयाकडे जावे लागते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, प्रवासी गाड्या थांबल्या, राज्यांच्या सीमांवर नाकी बसली. बेळगाव, पणजी, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथून परळची वाट धरणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी येतात. महिनोन् महिने धर्मशाळेत नाही तर पदपथावर बिऱ्हाड करून उपचार घेतात. गाडी बंद झाली म्हणजे त्यांतील कित्येकांचा औषधोपचारच बंद झाला.

वैद्यांपुढील पेचही साधा नव्हता. कर्करोगावरील रासायनिक औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि संसर्गाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. अशा माणसाला साथीच्या ऐन भरात रुग्णालयात बोलवावे काय? साथीच्या आरंभी चीनमधून आलेल्या एका अहवालात असे दिसले की, कर्करोग झालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना कोविडने गंभीर अवस्थेस नेले. इतरांत हे प्रमाण ८ टक्के होते. या आकड्याने जगभर धास्ती पसरली. परंतु १५९० रोग्यांच्या त्या पाहणीत कर्करोगी होते अवघे अठरा! पुढे त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कोविड झालेल्या ८०० कर्करोग्यांची पाहणी झाली. त्यांतील २२६ जण दगावले, हे खरेच. पण मृत्यूचा संबंध वय, पुरुष असणे आणि हृदयविकारासारखी इतर दुखणी यांच्याशी अधिक दिसला. गेल्या चार आठवड्यांत रासायनिक औषध घेतले होते की नाही, याने विशेष फरक पडलेला आढळला नाही. म्हणजे भय निराधार नव्हते, परंतु त्या भयापोटी सरसकट उपचार थांबविणे हा त्यावरचा उपाय नव्हता.

उपचार पुढे ढकलणे म्हणजे काहीच न करणे, असे आपणांस वाटते. वस्तुतः तोही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत रोग्याला द्यावी लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकाने सात प्रकारच्या कर्करोगांवरील अभ्यासांचा मेळ घालून दाखविले की, शस्त्रक्रियेला चार आठवड्यांचा विलंब झाला तर मृत्यूचा धोका सुमारे सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. विलंब जितका लांबतो, तितका हा धोका चढत जातो.

मग मार्ग कोणता? मार्ग प्रतवारीचा. सर्व कर्करोग एका गतीने वाढत नाहीत. पुरुषग्रंथीचा मंदगतीचा कर्करोग काही महिने थांबू शकतो. स्तनाच्या काही कर्करोगांत संप्रेरकविरोधी गोळ्या देऊन शस्त्रक्रियेपर्यंतचा काळ निभावता येतो. रक्ताचा तीव्र कर्करोग मात्र आठवडाभरही थांबत नाही. मुलांचे बहुतेक कर्करोग बरे होण्याजोगे असतात. तेथे विलंब म्हणजे हातची संधी घालविणे होय. बरे झालेल्यांची नेहमीची तपासणी दूरध्वनीवरून करता येते. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांनी या कामी वैद्यांचा हात मोकळा केला. आणखी एक गोष्ट योगायोगाने घडली. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील चार हजारांवर स्त्रियांच्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्तनाच्या आरंभीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिले जाणारे किरण एका आठवड्यात पाच वेळा दिले तरी गुण तितकाच येतो, असे त्यांतून दिसले. दहा फेऱ्या वाचल्या, म्हणजे संसर्गाचे दहा प्रसंग टळले. आणि परगावच्या रोग्याचे दोन आठवड्यांचे बिऱ्हाडही वाचले.

काम चालू ठेवता येते, याचा दाखला आपल्या मुंबईनेच दिला. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या सव्वा महिन्यात टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील बहुसंख्य मोठ्या आणि अवघड होत्या. शस्त्रक्रियेनंतर एकही रोगी दगावला नाही. सहा जणांना कोविड झाल्याचे आढळले, पण त्यांपैकी कोणालाही अतिदक्षता विभागात हलवावे लागले नाही. या रोग्यांत वृद्ध थोडे होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि रोगी नीट पारखून घेतले आणि खबरदारी बाळगली तर ऐन साथीतही शस्त्रक्रियागृहाचे दार उघडे ठेवता येते, एवढे त्यांतून सिद्ध झाले.

दार उघडे होते. पण दारापर्यंत पोचणार कोण? देशातील ४१ कर्करोग केंद्रांची मार्च ते मे या तीन महिन्यांची तुलना पुढे प्रसिद्ध झाली. २०१९ साली त्या काळात नव्याने नोंदलेले रोगी १,१२,२७० होते. २०२० साली ते ५१,७६० भरले. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या. साठ हजारांवर माणसे आलीच नाहीत, याचा अर्थ तितक्यांचा कर्करोग त्या वर्षी उपजलाच नाही असा नव्हे. तो घरात, गावात, टाळेबंदीच्या आड वाढत राहिला. याच तुलनेतून आणखी एक गोष्ट दिसली, ती आपण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी विशेष लक्षात घ्यावी. सेवा सर्वाधिक खालावली ती मोठ्या शहरांत. लहान शहरांतील केंद्रांनी त्या मानाने अधिक तग धरला. उपचार घराजवळ असेल तर वाट अडली तरी तो अडत नाही. सारा भार एका परळवर टाकण्याऐवजी गावोगावची केंद्रे सारख्या तोलाची व्हावीत, हे धोरण म्हणूनच केवळ सोयीचे नाही. ते जीव वाचविणारे आहे.

ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला होता, त्यांचे हाल याहून मूक होते. वेदनाशमनासाठी येणारे रोगी त्या तीन महिन्यांत २९ टक्क्यांनी घटले. मॉर्फीनची गोळी प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. केंद्रापर्यंत जाता आले नाही, की रात्र वेदनेतच काढावी लागते. लसीचे पाहा. १ मार्च २०२१ पासून कर्करोग्यांना अग्रक्रम मिळाला, पण तो वयाची ४५ वर्षे पुरी झालेल्यांना. पंचविशीतल्या रक्तकर्करोग्याला १ मेपर्यंत थांबावे लागले. नियम करणाऱ्याने वय पाहिले. दुखणे दुय्यम ठरले.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकणार नाही. ती येईल तेव्हा शासनाने कर्करोग्याला वाटेवर अडवू नये, त्याच्या औषधाची व प्रवासाची तजवीज पहिल्या दिवसापासून ठेवावी. आणि आपण? तोंडातील न भरणारे व्रण, स्तनातील गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, यांना साथीची सबब सांगून घरी बसू नये. निदान दूरध्वनी करून वैद्याला विचारावे. कोणी थांबावे आणि कोणी निघावे, हे वैद्य ठरवील; भीतीला ते ठरवू देऊ नये. साथीत दगावलेल्यांची गणती होते. तिच्या सावलीत उपचाराविना गेलेल्यांची गणती होत नाही, म्हणूनच त्यांची काळजी आधी वाहिली पाहिजे.