जालन्याचा मोती तलाव

जुन्या छायाचित्रांचा स्वभाव असा कीं, डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूविषयीं तीं पुष्कळ सांगतात आणि झांकलेल्या वस्तूविषयीं मौन पाळतात. जालना शहराच्या पश्चिमेकडील मोती तलावाचें असेंच झालें आहे. तलावाच्या चित्रांत बांध येतो, पाण्याचा विस्तार येतो. परंतु ज्या कामासाठीं तो बांधला गेला तें काम चित्रांत येणें शक्य नव्हतें. तें जमिनीखालीं चालत असे.

कुंडलिकेच्या एका तीरावर जालना व समोरच्या तीरावर कादराबाद, अशी या गांवाची जुनी मांडणी. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याच्या अमदानींत जमशेदखान हा येथील अधिकारी होता. काळी मशीद, सराई आणि हमामखाना हीं त्याचीं बांधकामें. मोती तलावहि त्याचाच. मशीद काळ्या दगडाची असल्यानें तिचें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें. पण जमशेदखानाची खरी दृष्टि दिसते ती नळांत. तलावाचें पाणी भूमिगत नळांनीं गांवांत आणून तें ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्याची योजना त्यानें केली. तलाव उंचावर आणि हौद सखल भागांत असला, म्हणजे पाणी आपल्याच भारानें पुढें सरकतें. मोट नको, बैल नको. औरंगाबादेस मलिक अंबरानें आणलेली नहर इतिहासांत गाजली. जालन्याचे हे नळ मात्र जालनेकरांसहि फारसे ठाऊक नसावेत!

पुढें 1725 मध्यें आसफजहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें येथें गढी बांधली. तिच्या आंत मोठी विहीर असून विहिरीस दालनें आहेत. 1803 च्या सप्टेंबरांत कर्नल स्टीव्हन्सननें जालना घेतलें, आणि त्याच महिन्यांत जवळच असईची लढाई झाली. 1827 मध्यें छावणी वसली.

छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती 1839 मध्यें, म्हणजे तलावास दोनशें वर्षें उलटून गेल्यावर. एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांत तर नळयोजना मोडल्याचीच नोंद आढळते. कॅमेऱ्यापुढें तलाव आला तो केवळ शोभेचें स्थळ म्हणून.

गांवाची तहान मात्र मोडली नाहीं. निजामी अमलांत बेझनजी फरीदूनजी जालनावाला या पारशी दानशूर गृहस्थाच्या पुढाकारानें घाणेवाडीचा तलाव झाला. 2012-13 च्या अवर्षणांत ज्या जालन्यास ‘सोने का पालना’ म्हणत, त्याच जालन्यांत टँकरची वाट पाहत घागरी रांगेस लागल्या, आणि अखेर पैठणच्या जायकवाडी जलाशयांतून पाणी आणावें लागलें.

म्हणून ज्या जालनेकर घरांत जुने आल्बम असतील, तेथें तलावाचें देखणें चित्र क्षणभर बाजूस ठेवून वाड्याच्या अंगणाचें, मशिदीच्या चौकाचें, लग्नाच्या पंगतीचें चित्र आधीं पाहावें. माणसांच्या मागें एखाद्या कोपऱ्यांत हौदाचा कांठ दिसला, तर जागा टिपून ठेवावी. असे चार-पांच हौद नकाशावर मांडले, तर तलावापासून निघालेल्या नळाची वाट पुन्हां शोधतां येईल.