पाहुणीला पाट, लेकीला वाट



फुटबॉलचा सामना बघायला परदेशी जायचं म्हटलं तर काय काय लागतं? पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, सामन्याचं तिकीट लागतं, विमानाचं भाडं लागतं आणि घरच्यांची समजूत घालायला थोडी जीभ लागते. एवढं जमलं की माणूस निघाला. कोलकात्याचं एक वयस्कर जोडपं १९८२ च्या स्पेनपासून २०१८ च्या रशियापर्यंत सलग दहा विश्वचषकांना जाऊन आलं. पेन्शनीतून पैसे बाजूला टाकायचे आणि चार वर्षांनी बाहेर पडायचं. आपला देश त्यांतल्या एकाही स्पर्धेत नव्हता. हे दोघं दुसऱ्याच्या मांडवात गेले आणि मजेत जेवून आले म्हणा ना. त्या बाईंना दारात कुणी अडवलं नाही, की तुम्ही बाईमाणूस, तुम्ही आत कशा बसणार?

आज ज्या बायकांविषयी बोलणार आहे, त्यांची अडचण निराळी होती. आपल्याच देशाचा संघ खेळताना डोळ्यांनी बघायचा, तर त्यांना परदेशी जावं लागत होतं. आणि त्यांच्या स्वतःच्या शहरातल्या मैदानात परदेशातून आलेल्या बायका मात्र बसू शकत होत्या. ही गोष्ट इराणची आहे.

तेहरानच्या पश्चिमेला एक प्रचंड स्टेडियम आहे. १९७१ मध्ये ते उभं राहिलं, १९७४ च्या आशियाई स्पर्धा तिथे झाल्या. एक लाख माणूस बसेल एवढं ते मूळचं. शहांच्या राजवटीत त्याचं नाव होतं आर्यमेहर. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याचं नाव झालं आझादी. हा शब्द तुम्हाला उलगडून सांगायची गरज नाही. आणि नाव बदलल्यावर दोन-तीन वर्षांतच पुरुषांच्या फुटबॉल सामन्यांना बायकांनी यायचं नाही, असं ठरलं. कायद्याच्या पुस्तकात तसं कलम नव्हतं. दारावरचा शिपाई हेच कलम.

आता १५ नोव्हेंबर २००१ ची संध्याकाळ. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात जायचं कुणी, याचा निकाल लागायचा होता आणि आझादी स्टेडियमवर इराणची गाठ आयर्लंडशी होती. डब्लिनला पहिला सामना आयर्लंडनं २-० असा जिंकलेला. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दोन महिने झाले होते, शेजारच्या अफगाणिस्तानात लढाई चालू होती, दोनच दिवसांपूर्वी तालिबाननं काबूल सोडलं होतं. अशा दिवसांत हिरवे मफलर गळ्यात घालून आयर्लंडचे प्रेक्षक तेहरानला उतरले. त्यांच्यात बायकाही होत्या. डोक्याला रुमाल बांधून या बायका स्टेडियममध्ये शिरल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. त्यांना कुणी हटकलं नाही, त्या पाहुण्या होत्या. तेहरानमध्ये जन्मलेल्या, रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या बायकांना मात्र त्याच दारातून आत जाता येत नव्हतं. सामना इराणनं १-० जिंकला, गोल अगदी शेवटी झाला, पण दोन्ही सामन्यांचा हिशेब करता विश्वचषकात गेलं ते आयर्लंड.

पाहुण्या बायकांना आत घेण्यामागे एक युक्तिवाद होता, आणि तो मला फार बोलका वाटतो. पुरुषांची गर्दी शिवीगाळ करते, ती आपल्या लेकीबाळींच्या कानावर पडू नये. परदेशी बायकांना फारसी कळत नाही, तेव्हा त्यांनी ऐकलं तरी हरकत नाही! मी भाषेवर जगणारा माणूस. एखादी भाषा येते, एवढ्याच कारणासाठी कुणाला दाराबाहेर ठेवल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

जाफर पनाही या इराणी दिग्दर्शकानं यावर ‘ऑफसाइड’ नावाचा चित्रपट केला. २००६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. पनाहींच्या स्वतःच्या मुलीला एकदा स्टेडियमच्या दारातून परत पाठवलं होतं, तिथून हा विषय सुरू झाला. चित्रपटातल्या मुली मुलग्यांचे कपडे घालून, टोपी ओढून आत शिरतात आणि पकडल्या जातात. शिपाई त्यांना स्टँडच्या मागे, वरच्या बाजूला, लोखंडी कठड्यात उभं करतात. सामना भिंतीच्या पलीकडे चालू आहे, आवाज येतोय, दिसत काहीच नाही. शेवटी एक शिपाईच वाकून वाकून बघतो आणि त्यांना कॉमेंटरी सांगतो. आपण रेडिओवाली माणसं, कान लावून सामना ‘बघण्याची’ आपल्याला सवय. पण आपलं मैदान शेकडो मैल दूर असायचं. या मुलींचं दहा पावलांवर होतं. त्यातली एक मुलगी शिपायाला विचारते, की जपानविरुद्धच्या सामन्याला जपानी बायका आत कशा बसल्या होत्या? तो तेच सांगतो, त्यांना शिव्या कळत नाहीत. मग ती जे म्हणते त्याचा अर्थ असा, की इराणमध्ये जन्मले एवढाच माझा गुन्हा का? चित्रपटाचं काही चित्रीकरण प्रत्यक्ष आझादीवर, ८ जून २००५ च्या बहारीनविरुद्धच्या सामन्याच्या वेळी झालं. इराणमध्ये तो दाखवायला बंदी आली.

इथे शब्दांविषयी थोडं बोलतो. फारसीत प्रेक्षकाला म्हणतात ‘तमाशागर’. तमाशा म्हणजे बघणं, मौजेनं पाहणं. मूळ शब्द अरबी, चालण्याफिरण्याशी नातं सांगणारा. आपल्याकडे पोचेपर्यंत तो बघणाऱ्याला सोडून नाचणाऱ्या-गाणाऱ्यांकडे गेला. आपल्या फडात बाई उभी राहिली ती बोर्डावर, दिव्याच्या उजेडात. समोर बसलेले पटके आणि टोप्या पुरुषांच्या. घरंदाज बाईनं तमाशाला जायचं नाही, हे आपल्याही गावांनी सांगितलंच होतं. तेव्हा तेहरानकडे बोट दाखवताना ते फार ताठ ठेवू नये.

घरचं दार बंद, मग या तमाशागर बायका निघाल्या परदेशी. सुरुवातीला ज्या दिसत त्या बहुतेक परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबांतल्या. जानेवारी २०१५ मध्ये आशिया चषकासाठी इराणचा संघ ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा तिथल्या इराणी बायकामुलींनी स्टँड भरून टाकले. चेहऱ्यावर हिरवा, पांढरा, लाल रंग. संघ जिंकला की खेळाडूंबरोबर फोटो काढायची धांदल. इराणच्या फुटबॉल संघटनेतल्या एका अधिकाऱ्यानं खेळाडूंना ताकीद दिली, की बायकांबरोबर असे फोटो काढू नका. हजारो मैल लांब आलात तरी दारावरचा शिपाई बरोबर आलेलाच आहे, असा त्याचा अर्थ.

मग आला २०१८ चा रशियातला विश्वचषक. या वेळी एक सोय झाली होती. सामन्याचं तिकीट असलं की ‘फॅन आयडी’ मिळायचा आणि तो असला की रशियाचा व्हिसा लागत नसे, ठरलेल्या गावांमधल्या खास आगगाड्यासुद्धा फुकट. इराणी पासपोर्टवर युरोपचा व्हिसा मिळवणं किती जिकिरीचं असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला या कागदाचं मोल कळेल. त्यामुळे आता थेट इराणमधूनही बायका आल्या. कुणी नवऱ्याबरोबर, कुणी बापाबरोबर, कुणी मैत्रिणी मैत्रिणी. १५ जूनला सेंट पीटर्सबर्गला मोरोक्कोविरुद्ध सामना होता. अगदी शेवटच्या क्षणी मोरोक्कोच्या खेळाडूच्या डोक्याला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला आणि इराण १-० जिंकलं. इराणी बायकांना स्टेडियममध्ये जाता यावं म्हणून पाठिंबा द्या, असा फलक त्या दिवशी स्टँडमध्ये झळकला. कल्पना करा, बाई स्टेडियममध्ये बसली आहे आणि स्टेडियममध्ये बसू द्या असा फलक धरून बसली आहे.

त्यांच्या संघातल्या खेळाडूंना हे दिसत नव्हतं असं नाही. मसूद शोजाईनं आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रुहानींच्या भेटीत हा विषय काढला होता. त्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, सीरियाविरुद्धच्या सामन्याला सीरियाच्या बायका आझादीवर आपला झेंडा घेऊन बसल्या होत्या, आणि ऑनलाइन तिकीट हाती पडलेल्या इराणी बायका बाहेर उभ्या होत्या. सोळा वर्षांपूर्वीचा आयर्लंडचा खेळ पुन्हा. पण या खेपेला मुसलमान देशातल्या बायका आत होत्या. शिव्या कळण्या-न कळण्याचा मुद्दा इथे फारसा उरत नाही.

मी मुसलमान, मराठीत कविता लिहितो. त्यामुळे असा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं माझ्याकडे बघतात. एक विचारतात, तुमच्या धर्मात असंच आहे का हो? दुसरे म्हणतात, तुम्ही यावर कशाला बोलता, लोकांना आयतं निमित्त मिळतं. दोघांनाही मी इस्तंबूलची गोष्ट सांगतो. २०११ मध्ये तिथे फेनरबाचे या क्लबला प्रेक्षकांच्या दंग्याबद्दल शिक्षा झाली, सामना रिकाम्या मैदानावर खेळा. तुर्कस्तानच्या फुटबॉल संघटनेनं त्यात एक सवलत काढली, की पुरुष नकोत, बायका आणि बारा वर्षांखालची मुलं चालतील. ४१ हजारांहून जास्त जमली, आणि त्यांना सगळ्या घोषणा तोंडपाठ होत्या! किंवा २०२२ चा कतारचा विश्वचषक आठवा. मोरोक्कोनं पोर्तुगालला हरवल्यावर सोफियान बुफाल आपल्या आईला मैदानात घेऊन आला आणि त्या हिजाबातल्या माउलीबरोबर नाचला. ती आईही मुसलमानच. धर्म एक, दारं निराळी. तेव्हा दार कुणाच्या ताब्यात आहे, ते बघावं.

इराणमध्ये दार किती जड आहे, ते २०१९ मध्ये कळलं. २९ वर्षांची एक मुलगी पुरुषाचा वेश करून आझादीवर इस्तेगलालचा सामना बघायला निघाली आणि पकडली गेली. इस्तेगलालचा रंग निळा. खटल्याच्या धास्तीनं तिनं सप्टेंबरमध्ये न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि आठवड्याभरात ती गेली. ‘निळी मुलगी’ या नावानं जग तिला ओळखतं. त्यानंतर जागतिक फुटबॉल संघटनेचा, फिफाचा, दाब वाढला आणि १० ऑक्टोबरला कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला बायकांसाठी तिकिटं निघाली. ७८ हजारांच्या मैदानात साडेतीन हजारांच्या आसपास. पहिला गठ्ठा तासाभराच्या आत संपला. जाळीच्या आड, वेगळ्या कोपऱ्यात, बायका शिपायांच्या पहाऱ्यात त्या बसल्या. इराणनं १४ गोल केले. सामना म्हणून त्यात काही राम नव्हता, कंबोडियाचे बिचारे धावून धावून थकले. पण स्वतःच्या गावात बसून आपल्या संघाचे १४ गोल बघायचे, म्हणजे चाळीस वर्षांची उधारी एका दिवसात काही अंशी फिटल्यासारखं.

फिटली मात्र नाही. मार्च २०२२ मध्ये मशहदला लेबनॉनविरुद्ध सामना होता. बायकांना तिकिटं विकली, आणि दारात आल्यावर डोळ्यांत मिरचीचा फवारा मारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महसा अमिनीचा कोठडीत असताना मृत्यू झाला आणि इराण पेटलं. नोव्हेंबरमध्ये विश्वचषक होता कतारला, इराणहून नुसती आखाताएवढी खाडी ओलांडली की आलं. तिथे गेलेल्या इराणी बायकांच्या वाट्याला एक नवीच गोष्ट आली. वेल्सविरुद्धच्या सामन्याला ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ लिहिलेले शर्ट दारावर काढून घेतले गेले. एका तरुणीनं डोळ्यांखाली गडद लाल अश्रू रंगवले होते आणि हातात महसाच्या नावाचा, २२ क्रमांकाचा शर्ट धरला होता. २२ हे महसाचं वय. तिच्याकडूनही तो शर्ट घेतला. स्टेडियमबाहेर सरकारच्या बाजूचे इराणी प्रेक्षक विरोधातल्यांच्या हातातले झेंडे ओढत होते. आत इराणनं जादा वेळेत दोन गोल करून सामना जिंकला. आनंद करावा तरी तो सरकारच्या खात्यावर जमा होतो आणि न करावा तर संघ आपलाच, अशा पेचात सापडलेले प्रेक्षक मी तोवर पाहिले नव्हते. कविता लिहिणाऱ्यालाही त्या चेहऱ्यांना नाव देता येऊ नये.

डिसेंबर २०२३ मध्ये इस्तेगलाल आणि पर्सेपोलिस या तेहरानच्या दोन जुन्या वैऱ्यांची गाठ पडली, तेव्हा आझादीवर बायका होत्या, सुमारे तीन हजार. निळ्याही आणि लालही. त्यांना फारसी येत होती. पुढे इराणचा संघ २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला, आणि ही स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं इराणसह १२ देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी जाहीर केली. स्पर्धेसाठी येणारे खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक आणि जवळचे नातेवाईक यांना सूट ठेवली होती. त्या यादीत प्रेक्षक नव्हते.