बरगड्या

(इंदापुरात तरुणांच्या बैठकीत बोललो ते. कागदावर घेताना थोडं सरळ केलंय, बोलणं तसंच ठेवलंय.)



मला कवितेवर बोलायला बोलावलंय. मी गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो, शिक्षण मॅट्रिक. कविता करायला जमते, कवितेवर बोलायला जमत नाही. म्हणून आज मी डुकराच्या बरगड्यांवर बोलणार आहे. हसा, हसून घ्या. कोण हसलं आणि कोणी मान खाली घातली ते मी बघून ठेवलंय. मान खाली घालणाऱ्यांत मीही होतो, म्हणून तर बोलतोय.

मी शाळेत असताना आमच्या इंदापूर तालुक्यातल्या वस्तीत महिन्यातून एखाद्या रविवारी डुकराचं मटण शिजायचं. सोमवारी वर्गात पोरं विचारायची, काल काय खाल्लं रे? मी म्हणायचो, बटाटा. दहा वर्षं मी बटाटा खाल्ला, दोस्तांनो. बटाटा खाऊन मॅट्रिक झालो.

मुंबईत आलो. गोदीत आमच्या टोळीवर एक गोयंकार मुकादम आहे. पगाराच्या दिवशी त्यानं मला फोर्टात एका हॉटेलात नेलं. कार्डावर लिहिलेलं, स्पायसी बेक्ड पोर्क रिब्ज, आणि ते स्टार्टर, म्हणजे जेवायच्या आधी तोंडात टाकायचं. पांढऱ्या प्लेटीत सहा बरगड्या, वर लाल चकचकीत रस. बिल बघितलं तर माझी दोन दिवसांची हजेरी. बाजूच्या टेबलावर टाय लावलेले लोक बोटं चाटत होते, आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं, काल काय खाल्लं रे? मी पहिला घास घेतला आणि च्यायला, आत्याचं टोपलं आठवलं. तेच जनावर, तेच हाड. नाव इंग्रजीत गेलं की घाण जाते काय? जनावर बदललं नाही, खाणारा बदलला.

मुकादम मला म्हणाला, आमच्या गोव्यात लग्नाला सोरपोतेल लागतंच, वसईच्या ईस्ट इंडियन लोकांच्या सणाला इंद्याल लागतं, त्यात लाज कसली? विंदालूच्या नावातच पोर्तुगिजांची वाइन आणि लसूण आहे. मिरची पण त्यांनीच आणली, अमेरिकेकडून. म्हणजे आपलं ‘अस्सल गावरान तिखट’ सुद्धा बोटीतून उतरलेला माल आहे. आमच्यासारख्याच कुणीतरी तो उतरवला असणार.

आता मुद्द्यावर येतो. माझी आत्येबहीण नर्सिंग पास झाली. आमच्या घराण्यातली पहिली. आत्या म्हणाली, “लेका, पार्टी करायची. बारामतीत करायची, हॉल घेऊन. माझी लेक काय कमी हाय का?” बारामतीत एक हॉल बघितला. सगळं ठरलं. शेवटी तो माणूस विचारतो, मेनू काय? मी म्हणालो, चिकन, भात, आणि स्टार्टरला पोर्क रिब्ज. मुद्दाम इंग्रजीत म्हणालो. तो समजला. माझ्याकडं बघितलं, मग माझं आडनाव विचारलं. मग म्हणाला, इथं ते चालणार नाही. मी विचारलं, तुम्ही मांसाहार चालतो म्हणालात ना? तो म्हणाला, मटण चालतं, चिकन चालतं, ते चालत नाही. लोक काय म्हणतील?

बारामती ते इंदापूर एसटीत मी दात चावत आलो. दोन्ही अंगाला ऊस. डोक्यात विचार एकच, त्या हॉलवर काय लिहू? आत्या म्हणाली, “लिही नंतर. पार्टी आपल्या दारात.”

आता भट्टी हवी. ओव्हन कुणाकडं आहे? इंदापुरात एका बेकरीवाल्या चाचाशी माझी ओळख, लहानपणी त्याच्याकडं तुटके खारी-बटर घ्यायचो. गेलो. चाचा, पाव काढून झाला की भट्टी गरम असते, त्यात दोन ट्रे ठेवू देतोस का? तो म्हणाला, काय आहे ट्रेत? सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, “बेटा, रागावू नको. माझ्या धर्मात ते बसत नाही, माझ्या भट्टीत नाही जाऊ शकत. पण तुझ्या दारात भट्टी कशी लावायची ते मी सांगतो.” आणि संध्याकाळी दुकान पोरावर टाकून खरंच आला. विटा कशा रचायच्या, वारा कुठून घ्यायचा, ताव कसा बघायचा, सगळं सांगितलं. चिमूटभर मैदा तापलेल्या पत्र्यावर टाकायचा. लगेच काळा पडला तर ताव जास्त, हळूहळू तांबूस झाला तर बरोबर. चहा प्यायला आणि गेला.

दोस्तांनो, एका आठवड्यात दोन माणसं मला नाही म्हणाली. एक म्हणाला, मी खात नाही. दुसरा म्हणाला, तू खाऊ नकोस. ही दोन वाक्यं दिसायला सारखी आहेत. यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढीच आपली सगळी लढाई आहे. पहिल्या माणसाच्या भट्टीत मी ट्रे ठेवायचा हट्ट धरला असता तर मीच दुसरा माणूस झालो असतो, हेही डोक्यात ठेवा.

आपल्यातले काही जण म्हणतात, बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितलं. नीट वाचा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. मेलेलं ढोर ओढायचं, त्याचं मांस हक्क म्हणून घ्यायचं, त्या हक्काच्या नावाखाली गुलामी चालायची. ती सोडा, हा त्याचा अर्थ. घामाच्या पैशानं विकत आणलेलं, नीट साफ केलेलं खाण्याला ती गुलामी चिकटवू नका. कोण म्हणतं, आपण बौद्ध, आपल्याला शोभत नाही. तथागतांचं शेवटचं जेवण चुंदाच्या घरी झालं, चुंद लोहाराचा पोर. त्यानं वाढलं ते सूकरमद्दव. ते डुकराचं मांस होतं की डुकरांना आवडणारी अळंबी, यावर पंडित अजून भांडतात, भांडू द्या. मला त्यातलं पुढचं महत्त्वाचं वाटतं. ते खाऊन दुखणं वाढलं, तेव्हा तथागतांनी आनंदाला सांगितलं, चुंदाला कोणी दोष देता कामा नये. मरताना माणसाला वाढणाऱ्याच्या मनाची काळजी.

आता कृती सांगतो. लिहून घ्या, हे पण साहित्यच आहे. शाहू पाटोळेंनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून आपल्या चुलीला पुस्तकात बसवलं, मग आपण का लाजायचं?

पंचवीस माणसं, माणशी दोन बरगड्या, म्हणजे साधारण पाच किलो. आतल्या बाजूला पातळ पापुद्रा असतो, तो सुरीच्या टोकानं उचलून फडक्यानं धरून ओढायचा, नाहीतर मसाला आत जात नाही आणि खाताना चामडं लागतं. मटणात तांदळाएवढे पांढरे दाणे दिसले तर ते मटण टाकून द्यायचं, मोह करायचा नाही. ते जंताचं घर असतं.

इथं माझी बहीण मधे बोलली. ती म्हणाली, दादा, हे नीट सांग. ते दाणे कच्चं खाल्लं तर पोटात लांब जंत होतो. पण मेंदूत जाऊन फिट आणणाऱ्या गाठी होतात त्या माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळं, न धुतलेल्या हातातून, भाजीतून. न धुता कोथिंबीर खाणाऱ्या माळकऱ्यालाही होतात. डुकराला हा रोग कुठून लागतो? माणूस उघड्यावर बसतो म्हणून. म्हणजे बघा, वस्तीला संडास द्यायचा नाही आणि वर म्हणायचं, यांचं डुक्कर घाण. डुकराला आपण घाण दिली, त्यानं आपल्याला नाही.

मसाला. पाव किलो लसूण, शंभर ग्रॅम आलं, दोन चमचे हळद, एक मोठी वाटी कांदा-लसूण मसाला, वर अर्धी वाटी लवंगी मिरचीचं तिखट, मूठभर धणे आणि चमचाभर मिरे भाजून कुटलेले, एक वाटी चिंचेचा घट्ट कोळ, अर्धी वाटी शिरका, ही मुकादमाची देणगी. मीठ हात राखून, कारण मसाल्यात मीठ असतंच. तेल एक थेंब नको, बरगडीला स्वतःची चरबी असते. चोळून रात्रभर फ्रिजात. आमच्याकडं फ्रिज नाही, शेजारणीच्या फ्रिजात ठेवलं.

तीन बाजूंनी विटा, मधे बाभळीचे निखारे. उसाचं चिपाड भकदिशी पेटतं आणि भकदिशी विझतं, ते पेटवायलाच बरं. वर लोखंडी जाळी, जाळीवर परात, परातीत केळीचं पान, पानावर बरगड्या. दुसरी परात उपडी घालून कडा भिजवलेल्या कणकेनं बंद करायच्या, वर पण थोडे निखारे. अडीच तास हात लावायचा नाही. घाई करणाऱ्याची बरगडी चिवट होते. मग उघडायचं. हाडाच्या टोकावरून मांस पेरभर मागं सरलं असेल, हाड पिळल्यावर हलत असेल, तर झालं. आता पाव किलो गूळ थोड्या चिंचेत आणि तिखटात विरघळवून वरून फासायचा आणि वरचा निखारा वाढवून फक्त दहा-पंधरा मिनिटं. गूळ आधी फासला तर जळून कडू होतो. गूळ शेवटी. आपल्या मुलखात गुळाला तोटा नाही.

वास सुटला. पोरं जमली, बहिणीच्या मैत्रिणी आल्या. पहिल्या बरगडीला सगळे लाजले, दुसरीला भांडले. मी कवी, मला वाटलं आता मी जिंकलो.

तेवढ्यात आत्यानं विचारलं, “मावशीला बोलावलंस का?”

मावशी म्हणजे कैकाडी वस्तीतली. डुक्कर तिच्याकडूनच घेतलेलं. पहाटे तिनं आणि तिच्या पोरानं ते मारलं, केस जाळले, साफ केलं, बरगड्या तोडून दिल्या. मी पैसे दिले, पिशवी घेतली, आणि निघालो. बोलवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. भीमेपलीकडं करमाळा, तिथल्या मातीतल्या नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ मी तीनदा बघितला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. तीनदा रडलो. डुकरावर माझी कविता पण आहे, तुमच्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्यात तिला. आणि डुक्कर पाळणारी बाई माझ्या हिशेबात नव्हती. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० ला आलं, तिच्या लोकांवरचा गुन्हेगारीचा शिक्का कायद्यानं १९५२ ला पुसला, हे सगळं मला तोंडपाठ. तिचं नाव मला माहीत नव्हतं.

आत्या स्वतः गेली, घेऊन आली. मावशी आली ती दाराबाहेरच उकिडवी बसली. खुर्ची दिली, बसली नाही. आपल्यातल्याच एका पोरानं, तो आज इथं आहे, त्यानं आपली खुर्ची थोडी सरकवली. थोडीच. मी ताट नेलं तर ती म्हणाली, “तुमचं होऊ द्या बाबा. उरलं तर द्या.”

दोस्तांनो, हे वाक्य मी आधी ऐकलेलं. माझी आजी पाटलाच्या वाड्याबाहेर हेच म्हणायची.

मी तिथंच खाली बसलो, तिच्या शेजारी. ताट दोघांच्या मधे ठेवलं. ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती, हा थट्टा करतोय का म्हणून. मग एक बरगडी उचलली, चावली आणि म्हणाली, “गूळ जास्त झाला.” मग म्हणाली, “मी करते तेव्हा वरनं आंबाडीची भाजी लागते.” मला वाटतं त्या दिवशीची सगळ्यात खरी दाद तीच.

त्या हॉलवाल्यावर लिहायचं मी अजून सोडलेलं नाही. पण आधी आपली खुर्ची जागेवर आणू. पुढची बैठक कैकाडी वस्तीत घ्यायची, मावशीच्या दारात, तिच्या हातच्या बरगड्या, आंबाडी घालून. पैसे आधी द्यायचे, बसायचं सगळ्यांनी जमिनीवर. जो खात नाही त्यानं खाऊ नये, त्याला भाकरी-पिठलं मिळेल, पण बसायचं एकाच पंगतीत. मी वही आणलीय.

कोण कोण येणार? हात वर करा. नावं लिहून घेतो.

जयभीम.