वाचून दाखविणारा नट



अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने पाद्री होण्याच्या निश्चयाने कॅलिफोर्नियातील एका सेमिनरीत प्रवेश घेतला. सेमिनरी म्हणजे काय, हे गोमंतकात कोणास सांगावयास नको. लेव्हार बर्टन हे त्याचे नाव. वर्णाने कृष्ण, जन्म १९५७ सालचा, वडील सैन्यात असल्यामुळे जर्मनीत झालेला. आईवडील विभक्त झाल्यावर शिक्षिका असलेल्या आईने त्याला वाढविले, आणि त्या घरी वाचनास कधी सुट्टी नसे. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचता वाचता त्याच्या मनात असे काही प्रश्न उभे राहिले की, दीक्षेचा मार्ग सोडून त्याने नाट्यशिक्षणासाठी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ गाठले. व्यासपीठ बदलले, समोरच्यांस काही सांगण्याची ओढ मात्र तीच राहिली.

विद्यार्थिदशेतच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला 'रूट्स' या दूरचित्रवाणी मालिकेत कुंटा किंटेची भूमिका मिळाली. ॲलेक्स हेली यांच्या ग्रंथावर आधारलेली ही मालिका जानेवारी १९७७ मध्ये सलग आठ रात्री दाखविली गेली. आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेला हा तरुण मालकाने दिलेले 'टोबी' हे नाव उच्चारावयास नकार देतो व चाबकाचे फटके खातो. अखेर देह हरतो आणि ते परके नाव त्याच्या मुखातून निघते. नाव हिरावले जाणे म्हणजे काय, हे या भूमीस इतिहासाने शिकविलेले आहे. अधिक भाष्य नको.

अशा यशानंतर दुसरा नट चित्रपटांच्या मागे लागला असता. बर्टनने १९८३ साली 'रीडिंग रेनबो' हा बालकांसाठी पुस्तकांचा कार्यक्रम पत्करला आणि तो २००६ पर्यंत चालविला. आपल्या शब्दावर विसंबू नका, असे तो बजावीत असे. मग मुलेच मुलांना आवडलेली पुस्तके सांगत. देवळाच्या सभामंडपात पुराणिकबुवा पोथी सोडतात तेव्हा समोर अक्षरशत्रू श्रोताही तल्लीन होतो. येथे उद्देश इतकाच निराळा की, श्रोत्याने घरी जाऊन पोथी स्वतः हाती घ्यावी.

१९८७ पासून सात वर्षे 'स्टार ट्रेक'मध्ये तो जॉर्डी ला फोर्ज नावाचा जन्मांध अभियंता झाला. डोळ्यांवरील यंत्रपट्टीमुळे त्या पात्रास इतरांहून अधिक दिसे. प्रत्यक्षात मात्र त्या पट्टीने नटाची दृष्टी झाकली जाई व डोके दुखे. नटाचे निम्मे भांडवल डोळ्यांत असते. ते गहाण टाकून त्याने स्वर आणि हालचाल यांवर भूमिका निभावली. त्याच मालिकेत १९९३ साली तो प्रथम दिग्दर्शक झाला. त्या भागात मे जेमिसन यांनी लहानशी भूमिका केली. आदल्याच वर्षी त्या अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णी अमेरिकन स्त्री ठरल्या होत्या. पुढे स्टार ट्रेकच्या अन्य मालिकांचे अनेक भाग व काही दूरचित्रवाणीपट त्याने दिग्दर्शित केले.

१९९७ साली 'आफ्टरमाथ' ही त्याची कादंबरी निघाली. राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या कृष्णवर्णी नेत्याची हत्या होते, वर्णयुद्ध पेटते, आणि त्या उद्ध्वस्त देशात रोग बरे करणारे यंत्र शोधणाऱ्या एका स्त्रीचे अपहरण होते, असे कथानक. कथा वेगवान आहे. पात्रे मात्र घटनांच्या घाईत पुरती आकारास येत नाहीत, हे मान्य करावयास हवे. तरीही अमेरिकेने कृष्णवर्णी राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडला तो २००८ साली, म्हणजे अकरा वर्षांनंतर. लेखकाच्या मनातील आशा व धास्ती दोन्ही या पुस्तकात एकत्र नांदतात.

वाचनाचा उपक्रम नव्या साधनांतून पुन्हा उभा करावा म्हणून २०१४ मध्ये त्याने लोकांपुढे झोळी पसरली. मागितले दहा लाख डॉलर. लाखाहून अधिक लोकांनी मिळून पन्नास लाखांवर दिले. त्यांत बालपणी त्याच्यासमोर बसलेले पुष्कळ होते. मग २०१७ पासून २०२४ पर्यंत त्याने या मोठ्या झालेल्या मुलांसाठी ध्वनिमुद्रित लघुकथा वाचून दाखविल्या. चित्र नाही, वेष नाही, केवळ आवाज.