पिपांतलें वय

धाराशिवच्या एका घरीं दिवाणखान्यांतील कपाटांत स्कॉच व्हिस्कीची एक बाटली तीस वर्षें न उघडतां उभी होती. विलायतेहून येतांना थोरल्या मुलानें ती वडिलांसाठीं आणिली. 'पुढच्या सुटींत दोघे मिळून उघडूं' असें म्हणून वडिलांनीं ती राखून ठेविली, आणि ती सुटी त्यांच्या हयातींत आली नाहीं. अखेर थोरला घरीं आला, तेव्हां धाकट्यानें बाटली पुढें केली. लेबलावर '१२ वर्षें' असें छापलेलें होतें. धाकट्याचा हिशेब सरळ होता: बारा आणि तीस, बेचाळीस! इतकी मौल्यवान वस्तु प्यावी तरी कशी?

श्रोतेहो, हा हिशेब पुष्कळ सुशिक्षित घरांत होतो, आणि तो साफ चुकीचा आहे. व्हिस्कीचें वय ओकच्या पिपांत वाढतें, कांचेंत नाहीं. बाटलींत भरतांच तें थांबतें. आणि लेबलावरील आंकडाही आंत मिसळलेल्या पिपांपैकीं सर्वांत कोवळ्या पिपाचा असतो.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीवर, मोड आणून वाळविलेल्या केवळ जवापासून, तांब्याच्या भांड्यांत गाळलेलें मद्य. नाचणीचें सत्त्व करणाऱ्या गृहिणीस यांतील पहिली पायरी परकी नाहीं. १४९४ सालच्या स्कॉटिश राजदप्तरांत जॉन कॉर नांवाच्या एका साधूस याच कामासाठीं माल्ट दिल्याची नोंद आहे. ताजें मद्य पाण्यासारखें रंगहीन असतें. व्हॅनिलाचा गंध, मनुकांची गोडी, हें पुष्कळसें लाकडाचें देणें. स्कॉचला पिपांत निदान तीन वर्षें काढावींच लागतात. (ऊंस पिकविणाऱ्या धाराशिव जिल्ह्यास मळी चांगली ठाऊक आहे, आपल्या देशांतील बरीचशी 'व्हिस्की' त्या मळीच्याच मद्यार्कावर उभी असते, आणि युरोपांत तिला तें नांव लावतां येत नाहीं.)

पिपांतून वर्षाकांठीं कांहीं भाग उडून जातो. त्यास तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडांत तो शेंकडा दोनच्या आसपास. गोव्यांत, जेथें पॉल जॉन ही सिंगल माल्ट होते, तेथें त्याच्या कितीतरी पट. म्हणून उष्ण प्रदेशांतील माल्ट थोड्या वर्षांतच पक्व होते. बंगळूरच्या 'अमृत'नें २००४ सालीं प्रत्यक्ष ग्लासगोंतच आपली माल्ट बाजारांत आणिली. धाराशिवच्या कोरड्या उन्हाळ्यांत बारा वर्षें पीप ठेवूं म्हणणाऱ्यास मात्र देवदूतांवर फारच उदार व्हावें लागेल.

दोघां भावांनीं आधीं परवाना काढला, मग बाटली घेतली. मद्य गळ्याखालीं उतरलें होतें आणि बूच मोडून आंत पडलें. तें मलमलीच्या फडक्यांतून गाळावें लागलें. निमुळत्या तोंडाच्या पेल्यांत थोडेंसें घेऊन थोरल्यानें प्रथम नुसता वास घेतला, नंतर चार थेंब पाणी घातलें. पाण्यानें मद्य बिघडतें हा समज खरा नव्हे. २०१७ सालीं स्वीडनमधील दोन संशोधकांनीं संगणकावर दाखविलें कीं, मद्य थोडें सौम्य केल्यास धुरकट गंधाचे रेणू पृष्ठभागाकडे येतात.

धाकट्याचा चेहरा उतरला. बेचाळीस वर्षांचें कांहींच त्यांत नव्हतें. बारा वर्षांची एक व्हिस्की होती, तीही थोडी मंदावलेली. तीस वर्षें ती बाटली पुसून उभीच ठेवणाऱ्या आईनें पेला नाकाजवळ नेला.

"मनुका," ती म्हणाली, "आणि जुन्या पेटीचा वास." मग पेला परत देत म्हणाली, "उघडलीच आहे तर दोघांनीं आठवड्याभरांत संपवा. हवा लागून उरलासुरला वासही जायचा."