चढण तीच, अंतर वेगळं

मैत्रिणींनो, 'टूर द स्की' ही बर्फावरची, अनेक टप्प्यांची शर्यत. २००६-०७च्या हिवाळ्यात सुरू झाली, बाया-पुरुष दोघांसाठी. शेवटी इटलीतला आल्पे चेर्मिसचा डोंगर चढायचा. काही ठिकाणी चढ २८ टक्के! पोलंडच्या युस्तिना कोवाल्चिकनं ही शर्यत ओळीनं चारदा जिंकली.

ही चढण बायकांनाही तीच. पण २०२१-२२मध्येही आधीच्या लांब टप्प्यांत पुरुषांना १५ किलोमीटर, बायकांना १०. का, तर म्हणे झेपणार नाही! (आपल्याकडं पोरीला डोक्यावरचे दोन हंडे झेपतात, मैदान तेवढं झेपत नाही.) डोंगर झेपतो, मग त्याआधीचे पाच किलोमीटर का नाही? मे २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघात समान अंतराचा निर्णय झाला. त्याच हिवाळ्यात बायका तेवढंच अंतर धावल्या.