शेजारणीची गोळी आपली नसते



आज बचतीचा आणि कर्जाचा विषय बाजूला ठेवते. आज बोलायचंय बीपीच्या गोळ्यांबद्दल. मी डॉक्टर नाही, गटांची समन्वयक आहे. पण माझ्या घरात जे घडलं आणि त्यानंतर डॉक्टरांकडून, सिस्टरांकडून जे समजून घेतलं, ते तुमच्यापर्यंत पोचावं असं वाटतं.

माझ्या सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून साखर आहे. पुढे बीपी निघालं. एक गोळी सुरू झाली, मग दुसरी जोडली. तरी वरचा आकडा १७० च्या खाली येईना. मी त्यांनाच बोल लावायची, "आत्याबाई, तुमचं लोणचं सुटत नाही, मग बीपी कसं उतरणार?" त्या गप्प बसायच्या. मग पायावर सूज आली, तेव्हा तालुक्याला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कोणत्या गोळ्या घेता?" आत्याबाईंनी बटव्यातून एक पट्टी काढली. गुडघेदुखीची गोळी. रोज एक, जास्त दुखलं तर दोन. वर्ष झालं होतं. आणि मैत्रिणींनो, ती पट्टी दर बाजाराला मेडिकलमधून आणून देणारी मीच होते.

रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन वाढलेलं. म्हणजे किडनीवर ताण आलेला. डॉक्टरांनी समजावलं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्यामुळे बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा गुण कमी पडतो. साखरेच्या माणसाची किडनी आधीच नाजूक, त्यात ही भर. ती गोळी बंद केली. गुडघ्यासाठी व्यायाम आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं वेगळं औषध सुरू झालं. काही आठवड्यांत बीपी उतरलं. किडनी मात्र पहिल्यासारखी झाली नाही. ही चुटपुट मला कायमची आहे.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. बीपी दोघींचं सारखं असलं, तरी गोळी सारखी नसते. सोबत दुसरा कोणता आजार आहे, यावर ती ठरते.

साखर असेल आणि लघवीतून प्रथिनं जात असतील, तर डॉक्टर बहुतेक वेळा टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखी गोळी देतात. ती बीपी उतरवते आणि किडनीलाही जपते. पण ती घेताना मधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघावं लागतं. अशा बाईने बाजारात मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठ स्वतःच्या मनाने आणू नये. त्यात पोटॅशियम असतं. आणि एनालाप्रिलने कोरडा खोकला लागला, तर महिनाभर काढे पीत बसू नका. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

दमा असेल, तर एटेनोलोल किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी श्वासनळ्या आवळू शकते. जिला दमा नाही तिला तीच गोळी चालू शकते. म्हणून म्हणते, शेजारणीची गोळी आपली नसते. या जातीच्या गोळीने आणखी एक होतं. साखर एकदम उतरली की छातीत धडधडतं, हात थरथरतात. ती खूण या गोळीने झाकली जाऊ शकते. घाम मात्र सुटतो, त्याकडे लक्ष ठेवा. ही गोळी एकाएकी बंद करणंही धोक्याचं.

लघवी वाढवणाऱ्या गोळीने रक्तातलं युरिक अॅसिड वाढू शकतं. ज्यांच्या पायाचा अंगठा सुजून ठणकतो, त्यांनी हे आधीच सांगावं. अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यावर सूज येते. ते दिसलं तर गोळी सोडू नका, दाखवून घ्या.

आता लेकी-सुनांसाठी. बीपीची गोळी चालू असताना दिवस राहिले, तर लगेच डॉक्टरांना गाठा. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात. त्यांच्या जागी लॅबेटॅलॉलसारखी, गरोदरपणात चालणारी गोळी देतात. फक्त स्वतःहून सगळं बंद करून घरी बसू नका. गरोदरपणात चढलेलं बीपी आई आणि बाळ दोघांनाही धोका करतं.

जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं, तर बीपीच्या काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते त्याच दिवशी दवाखान्यात विचारा.

गटात पुष्कळजणी म्हणतात, "मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?" बीपी बहुतेक वेळा त्रास देतच नाही. आतल्या आत हृदय, मेंदू, किडनी खराब करत जातं. बरं वाटलं तरी बीपी उतरलंय की नाही, ते मोजूनच कळतं. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला, तर ते बीपी. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची बीपी-साखरेची तपासणी उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.

शेवटी एक काम सांगते. आपण गटाचं पासबुक कसं जपतो? नोंद चुकली तर सचिवाला जाब विचारतो. तसाच एक कागद आपल्या औषधांचा करा. बीपीची, साखरेची, दुखण्याची, वैद्याने दिलेली पुडीसुद्धा, सगळं त्यावर लिहा. जिला लिहिता येत नाही, तिने रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, कोणत्याही मेडिकलमध्ये गेलात, की आधी ती पिशवी पुढे करा आणि म्हणा, "मला हे-हे आजार आहेत, मी हे-हे घेते."

आत्याबाईंची पिशवी आता दाराच्या खुंटीला टांगलेली असते. परवा मी त्यांना सर्दीची गोळी द्यायला गेले, तर त्यांनीच हात धरला. म्हणाल्या, "थांब गं, आधी डॉक्टरांना विचार." सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी चढतं, हे माझ्याआधी त्यांना आठवलं.

पुढच्या बैठकीला हप्त्यासोबत आपापली पिशवी घेऊन या. नमस्कार.